येमूल मॅडमचा समुद्र

येमूल मॅडमच्या घरात शिरायचं तर आधी दोन्ही हात पुढे करावे लागत. मॅडम उंबऱ्याच्या आत उभ्या राहून समोरच्याचे हात नाकाशी नेत आणि चक्क हुंगत. पोस्टमन असो, नातेवाईक असो, नाहीतर मत मागायला आलेला उमेदवार असो. वास पसंत पडला तर आत, नाहीतर अंगणातल्या बादलीकडे.

मी पहिल्यांदा गेलो तो शुक्रवार होता. नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. शुक्रवार पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंचा इन्व्हर्टर सारखा दगा देतोय असा निरोप आला, म्हणून नमाज पढून तसाच गेलो. मनगटाला अत्तर होतं. मॅडमनी हात हुंगले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अत्तर?"

"होय मॅडम. जुम्मा आहे ना आज."

"वास लई छान हाय. पण आत न्हाय यायचं. तिकडं बादली हाय, कोपरापर्यंत धू. साबण लावू नकोस. साबण लावलास तर परत धुवायला लावीन."

मला राग आला. माझ्या अत्तराला कुणी असं बोललं नव्हतं. हात धुऊन, तोंड पाडून आत गेलो आणि बैठकीच्या खोलीत पाय थबकले. बाहेर एप्रिलचं ऊन रस्त्याचं डांबर वितळवत होतं आणि इथं भिंतभर निळा उजेड हलत होता. आठ-नऊ फूट लांब काचेची टाकी, छातीएवढी उंच. आत दगडांच्या गुहा. दगडांवर जांभळी, हिरवी, गुलाबी झुंबरं वाऱ्यावर असल्यासारखी डोलत होती. त्यांच्या मधून नारिंगी, पिवळे मासे कामावर निघाल्यासारखे ये-जा करत होते.

"फुलं कुठनं आणली मॅडम?" मी विचारलं.

"फुलं?" त्या असं ओरडल्या की माझ्या हातातला पाना पडला. "जनावरं हाईत ती! प्रवाळ म्हणतात त्याला. तोंड हाय, पोट हाय, भूक लागते. फुलं म्हणे!"

मग त्यांनी मला इन्व्हर्टरबद्दल सांगितलं. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की पाणी फिरायचं थांबतं, पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू संपत जातो. "पंखा बंद पडला तर तुला घाम येईल. पंप बंद पडला तर हे गुदमरून मरतील. एवढं डोक्यात ठेवून काम कर. ठेवणार नसशील तर आत्ताच जा." मी राहिलो. पुढं अनेक वर्षं राहिलो.

त्यांचं पूर्ण नाव डॉ. पद्मावती येमूल. घराणं तेलुगू विणकरांचं, वडिलांचे टॉवेलचे माग. घराण्यातल्या त्या पहिल्या डॉक्टर. रक्त-लघवी तपासायची त्यांची लॅब शहरात प्रसिद्ध होती, आणि त्याहून जास्त प्रसिद्ध होता त्यांचा राग. नमुन्याच्या बाटलीवर पेशंटचं नाव नीट लिहिलेलं नसलं तर पाठवणारा सर्जन कितीही मोठा असो, बाटली परत जायची. लग्न केलं नव्हतं. कारण विचारणाऱ्याला उत्तर मिळायचं, "वेळ मिळाला न्हाय. आता तू देतोस काय?" एरवी त्यांचं मराठी डॉक्टरी, नीटनेटकं, राग आला की ते पायातल्या चपला काढून ठेवायचं आणि सरळ गल्लीत उतरायचं. आणि राग बहुतेक वेळ आलेलाच असायचा.

समुद्राचं वेड लागलं तेही रागातूनच. पन्नाशीला त्या पोहायला शिकल्या आणि डॉक्टरांच्या एका सहलीबरोबर अंदमानला गेल्या. तिथं पाण्याखाली तोंड घातलं आणि पहिल्यांदा प्रवाळ बघितला. आल्यावर महिनाभर दुसरं काही बोलत नव्हत्या म्हणे. काही वर्षांनी पुन्हा त्याच बेटावर, त्याच जागी पाण्यात उतरल्या, तर सगळं पांढरं पडलेलं. समुद्र तापला होता.

"हाडं दिसत होती की रे, हाडं," त्या मला सांगायच्या, आणि दर वेळी तितक्याच चिडायच्या. "सोलापुरात एक माणूस मेला तर आपण कारण लिहितो, सही करतो. तिथं डोंगरच्या डोंगर मेले. बोटवाला काय म्हणतो, मॅडम, पाणी गरम झालं, चलो, पुढचा पॉइंट बघू. पुढचा पॉइंट!"

लॅब बंद केल्यावर त्यांनी बैठकीची खोली रिकामी करवली, फरशी उखडून खालून पक्की करून घेतली आणि हा समुद्र मांडला. आपल्या समुद्रातला प्रवाळ तोडून विकणं गुन्हा आहे, हे त्या येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत. त्यांच्याकडचे तुकडे परदेशातल्या शेतावर वाढवलेले होते, रीतसर कागदांसह आलेले. दगडही समुद्रातले नव्हते. देवघर वरच्या मजल्यावर गेलं, कारण उदबत्तीचा धूर पाण्यात विरघळतो, जसं हातावरचं अत्तर आणि साबण. "देवाला वर राहायची सवय हाय," त्या म्हणायच्या. पाण्यातलं मीठ मोजायला लॅबमधलंच यंत्र होतं. एके काळी त्यातून त्या सोलापूरकरांची लघवी तपासत. कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "धुतलंय मी ते. तुझ्या मनासारखं न्हाय, स्वच्छ धुतलंय."

रोज सकाळी चहाआधी पाण्याची तपासणी. काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, मग रंग बघायचा. क्षार किती, चुना किती, घाण किती. आठवड्याला थोडं पाणी काढून तितकंच नवं खारं पाणी घालायचं. टाकीखालच्या कपाटात फेस काढणारं एक यंत्र गुरगुरत असे. त्याच्या पेल्यात काळपट मळी साठे, ती त्या स्वतः काढून धूत. गडीमाणसाच्या हाती दिलं नाही. मागच्या अंगणात पाणी गार करणारं यंत्र. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच्याशी त्यांचं रोज भांडण.

आता पाणी म्हटलं की आमच्या गावात माणसाचा आवाज आपोआप चढतो. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. अशा गावात एक बाई माशांसाठी पाणी भरते म्हटल्यावर गल्लीचे एक कार्यकर्ते, नागेशअण्णा, एका सकाळी दारात येऊन उभे राहिले. मी तेव्हा बॅटरीत पाणी भरत होतो.

"माणसांना प्यायला न्हाय आन् तुमी माशांना पोहायला देता! लाज हाय का काय?" अण्णांनी गल्ली गोळा केली.

मॅडम कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मग हात वर करून म्हणाल्या, "चालु! चालु!"

तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'. अण्णांना वाटलं, बाई म्हणतायत, चालू द्या. त्यांनी दुप्पट जोरानं सुरू केलं. दोन-तीनदा असं झाल्यावर मॅडमच पुढं आल्या.

"अण्णा, माझ्या टाकीतलं पाणी एकदा भरलं, बहुतेक तेच फिरतंय. मिठाचं पाणी करायला मी जे पाणी गाळते, त्यातलं वाया जाणारं ह्या पिंपात साठतं. समोरच्या मंगलताई त्यात कपडे धुतात, विचारा त्यांना. आता तुमी सांगा. तुमची गाडी रोज सकाळी पाइपनं कोण धुतंय? ती गाडी काय पाण्याबिगर मरती का?"

गल्ली हसली. अण्णा गेले. पण 'मासेवाल्या डॉक्टर' हे नाव मागं राहिलं, आणि चाळीस वर्षं या शहराचं रक्त तपासणाऱ्या बाईला सोलापूरनं त्या दोन शब्दांत निकालात काढलं. मला त्याचा त्रास व्हायचा. त्यांना होत नसे. त्यांना त्रास व्हायला दुसऱ्या गोष्टी होत्या.

त्यातली एक नवी पेठेत घडली. एका सराफानं दिवाळीच्या तोंडावर मोठी शोरूम उघडली आणि आत भिंतभर समुद्री माशांची टाकी लावली. गावभर चर्चा. मी मॅडमना सांगितलं, वाटलं खूश होतील. त्या म्हणाल्या, "चल."

शोरूमचे शेठ अदबीनं पुढं आले. मॅडमनी एकदा त्यांच्या आईचे रिपोर्ट बघितले होते, त्यामुळे खुर्ची, चहा, सगळं झालं. मॅडम टाकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. आत प्लास्टिकचे प्रवाळ, रंगीत दिवे, आणि नको इतके मासे. एक निळाजर्द मासा कोपऱ्यात तोंड खुपसून भराभर श्वास घेत होता.

"टाकी कधी लावली?"

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशी," शेठ अभिमानानं म्हणाले. "एका दिवसात उभी केली कॉन्ट्रॅक्टरनं."

"आणि मासे?"

"त्याच संध्याकाळी सोडले."

"मेले किती?"

शेठ हसले. "मरतात की मॅडम. कॉन्ट्रॅक्टर दर सोमवारी येतो, मेलेले काढतो, नवे टाकतो. आपण दाराचा हार बदलत नाही का? सुकला की नवा. तसंच."

मी मॅडमना इतक्या वेळा रागावलेलं बघितलं होतं, पण तसा चेहरा पहिल्यांदा बघितला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"हा मासा शेतात पिकत न्हाय, शेठ. समुद्रातनं पकडून आणलाय. तिथं असता तर वर्षानुवर्षं जगला असता. तुमच्याकडं सोमवार ते सोमवार जगतोय. नव्या टाकीत पाणी नुसतं दिसायला पाणी असतं. माशाची घाण पचवणारे जंतू त्यात तयार व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. तोवर मासा सोडायचा म्हणजे त्याला त्याच्याच मुतात बुडवायचं."

"मॅडम, गिऱ्हाईक आहे समोर," शेठ दबक्या आवाजात म्हणाले. "चहा घ्या ना."

चहा तसाच ठेवून आम्ही निघालो. मग तक्रार घेऊन सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या सुरू झाल्या. जिथं जाऊ तिथं उत्तर एकच, हा विषय आमच्याकडे येत नाही. एका साहेबानं तर मिश्कीलपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही मासे खाता का?"

"खाते. भूक लागली की खाते," मॅडम म्हणाल्या. "मारून शोभा करत न्हाय."

साहेब हसले आणि पुढची फाइल उघडली. बाहेर आल्यावर मॅडमनी जिन्याच्या कठड्यावर हात आपटला. दुसऱ्या दिवसापासून त्या शोरूममध्ये जाऊन बसायला लागल्या.

टाकीसमोर गिऱ्हाइकांसाठी सोफा होता. मॅडम सकाळी शटर उघडायच्या वेळी हजर. कुणी हटकलं तर, "ग्राहक हाय. अंगठी बघायची हाय, दाखवा." अंगठी बोटात घालून त्या शेजारच्या बाईकडे वळत. "वहिनी, मंगळसूत्र छान हाय. तो निळा मासा बघितला का? श्वास बघा कसा चाललाय. परवापर्यंत मरतोय. तो खालचा पिवळा आत्ताच गेलाय, दगडामागं लपवलाय बघा त्यांनी." सकाळी दुकान उघडतं तेव्हा सगळेच मासे पाण्याच्या वर तोंड वासून का असतात, असं त्या नोकरांना रोज विचारत. कुणी नीट उत्तर देत नसे. ऐन मुहूर्ताच्या खरेदीत मरणाच्या गोष्टी कोण ऐकून घेणार? बायका उठून समोरच्या दुकानात जायला लागल्या. शेठनी मला फोन केला, "तुमच्या मॅडमना घेऊन जा." मी म्हटलं, "शेठ, त्या माझ्या नाहीत. त्या कुणाच्याच ऐकण्यातल्या नाहीत." पोलीस बोलावला. त्या शिपायालाही मॅडमनी सोफ्यावर बसवून मासे दाखवले. तो बराच वेळ बघत बसला आणि 'बाई काही चुकीचं बोलत न्हाईत' असं म्हणून निघून गेला.

शेवटी शेठचा बांध फुटला. "घेऊन जा ते मासे! टाकी काढून टाकतो मी. पण डोळ्यांसमोरून जा!"

आम्ही झाकणाच्या बादल्या आणल्या, मी बॅटरीवर चालणारे हवेचे पंप लावले, आणि रिक्षा नवी पेठेच्या गर्दीत शिरली. दिवाळीची गर्दी, मुंगीला वाट नाही. मॅडम रिक्षाच्या बाहेर अर्ध्या लोंबकळत ओरडत होत्या, "सरका की! पेशंट हाय आत!" आणि लोक खरंच सरकत होते.

घरी वेगळ्या टाकीत त्यांनी त्या माशांवर उपचार केले. बहुतेक गेले. एकेक मासा जाळीनं काढताना मॅडमच्या तोंडून शिवी जायची, ती त्या शेठला असायची, कॉन्ट्रॅक्टरला असायची, कधी नुसतीच हवेत. निळा मात्र जगला. त्याच्या शेपटीपाशी चाकूसारखा काटा असतो म्हणून त्या जातीला सर्जन मासा म्हणतात. मॅडमना याची फार गंमत वाटे. "जन्मभर सर्जनांशी भांडले आणि आता एकाला घरात खाऊ घालते." महिन्याभरानं तो मोठ्या टाकीत गेला. मॅडम काचेशी आल्या की तो कुठंही असला तरी धावत यायचा. मी गेलो तर यायचा नाही.

आता जे सांगायचंय ते सांगणं मला आजही जड जातं.

मॅडमना अर्धांगाचा झटका आला. फार मोठा नव्हता, पण डावी बाजू गेली. त्यांचे धाकटे बंधू श्रीनिवास पुण्याहून आले. मोठ्या कंपनीत नोकरी, सभ्य, हळू बोलणारे. बहिणीवर जीव नव्हता असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात ते तासन् तास तिच्या उशाशी बसायचे. टाकीचं सगळं मी बघत होतो. सकाळी दुकानाआधी, संध्याकाळी दुकानानंतर. पंपाच्या बटणावर मी स्वतः चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बंद करू नये.' श्रीनिवासना तोंडीही सांगितलं होतं. ते म्हणाले, "काळजी करू नका, मी आहे ना घरात."

दोन-चार दिवसांनी सकाळी दार उघडलं तर खोलीत वास. पंप चालू होता. पण टाकीतलं पाणी पांढुरकं झालं होतं आणि मासे तळाशी आडवे पडले होते. सर्जन पंपाच्या तोंडाशी, आडवा. पाण्याची हालचाल शोधत तो तिथं पोचला असणार.

"काय झालं इथं?" मी विचारलं.

श्रीनिवास पायजम्यात, हातात चहाचा कप. "रात्री झोपच लागेना हो. ती घरघर. म्हणून बंद करून झोपलो. सकाळी उठल्या उठल्या परत लावला की."

"पट्टी होती ना त्यावर!"

त्यांनी टेबलाकडे बोट केलं. पट्टी सोलून, नीट घडी करून ठेवली होती. त्या घडीचा मला आजही राग येतो. फाडली असती तर इतका आला नसता.

त्यापुढं ते जे बोलले ते ऐकून मी त्यांच्या अंगावर धावून जायचा बाकी राहिलो. ते म्हणाले, "अक्काला सांगू नका. बीपी वाढेल तिचं. ती यायच्या आत मुंबईहून असेच दिसणारे मासे मागवू. सारखेच तर असतात. तिला काय कळणार?"

"सारखेच?" मी ओरडलो. मोठ्या माणसाशी मी असा कधी बोललो नव्हतो. "चाळीस वर्षं एका थेंबावरनं माणूस ओळखणारी बाई आहे ती! तिला कळणार नाही? आणि तुम्हाला काय वाटतं, दुःख मासे कमी झाल्याचं होणार आहे तिला? तुमच्या मुलाच्या जागी कुणी सारखाच दिसणारा आणून ठेवला तर चालेल तुम्हाला?"

दुपारी दवाखान्यात मीच मॅडमना सांगितलं. मॅडमचं तोंड जरा वाकडं झालं होतं, बोलणं जड झालं होतं.

"सर्जन?"

"गेला मॅडम."

डोळे मिटले. तसंच म्हणाल्या, "मेलेलं काढ. पाणी बदल. फेकू नकोस काही. मी बघणार."

प्रवाळ दोन दिवस झगडला. मग एकेक झुंबर मिटलं, विरघळलं, खाली पांढरं हाड उरलं. अंदमानात बघितलेलं ते पांढरं मॅडमना घरी येऊन स्वतःच्या बैठकीत बघावं लागलं. चाकाच्या खुर्चीतून आल्या त्या थेट टाकीसमोर. मी बर्फात ठेवलेले मासे त्यांनी मागवून घेतले. एका हातानं भिंग धरून त्यांनी प्रत्येकाचे कल्ले बघितले. शेवटी भिंग खाली ठेवलं.

"गुदमरून. दुसरं काही न्हाय. आजार नव्हता एकालाबी."

श्रीनिवास दारात उभे होते. घर डोक्यावर घेतलं जाईल म्हणून मी वाट बघत होतो, तेही बघत असावेत. मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवायला सांगितली.

"झोप झाली का रे नीट?"

श्रीनिवासनी मान खाली घातली. खांदे हलायला लागले.

"तू मुद्दाम केलं न्हाईस, माहीत हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर राग येतो. मुद्दाम करणाऱ्याशी भांडता येतंय की. तुमच्यासारख्यांशी कसं भांडायचं, सांग मला. तुमी चांगली माणसं. तुमाला फक्त आवाज होतो."

चार दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, "मीठ आण. पहिल्यापासून मांडू."

मी त्यांना समजावलं. वय, तब्येत, एक हात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घाई कुणाला हाय? मला न्हाय. तुला दुकान हाय, तू सांग."

तर समुद्र पुन्हा मांडला. सगळं पाणी उपसलं. दगड एकेक करून बाहेर काढले, ब्रशनं घासले, उन्हात वाळवले. मॅडम छत्री घेऊन अंगणात खुर्चीवर बसून ओरडत. गाळलेलं पाणी कित्येक दिवस पिंपात साठवलं, त्यात मीठ घालून ढवळत ठेवलं, यंत्रानं मोजलं, कमी पडलं की थोडं, जास्त झालं की परत पाणी. वाळू धुतली, ती धुताना माझे हात सोलले. दगड रचताना मात्र त्या ओरडल्या नाहीत. प्रत्येक दगडाला वाट, आडोसा, बीळ. "ह्या गुहेत कोण राहणार मॅडम?" मी विचारलं. "येणारा ठरवेल," त्या म्हणाल्या.

मग पंप लावला आणि थांबायला सुरुवात झाली. पाण्यात चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं. आधी विषारी घाण वाढते, ती खाणारे जंतू वाढतात, त्यांची दुसरी घाण, ती खाणारे दुसरे जंतू. नळीतला रंग हिरवा व्हायचा, मग जांभळा, आणि फार दिवसांनी पिवळा, म्हणजे निर्मळ. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं. लोक नाक मुरडायचे. मॅडम मात्र बाळाला दात यावेत तशा हरखल्या. शेवाळ गेलं. एक दिवस मला हाक मारून त्यांनी हातात भिंग दिलं. काचेवर पांढरे ठिपके होते आणि ते चालत होते. टाचणीच्या टोकाहून लहान जीव.

"कुणी आणले हे?" मी विचारलं.

"कुणी न्हाय. पाण्याला विश्वास वाटला की येतात." मग स्वतःच चिडल्या. "म्हणजे दगडात अंडी असणार. विश्वास कसला! मी बी काय बोलायला लागले."

त्याच आठवड्यात एका दुपारी त्या टाकीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. दुसरा झटका. मासा एकही आला नव्हता.

भेटायला माणसं यायची, निळ्या उजेडात नुसतं पाणी आणि दगड बघायची, आणि बाहेर अंगणात चपला घालताना म्हणायची, "शेवटी भ्रम झाला होता बिचारीला. रिकाम्या टाकीसमोर बसून असायच्या." पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी नागेशअण्णा तेच बोलले तेव्हा मी त्यांना दंडाला धरून आत नेलं, भिंग हातात दिलं आणि काचेशी उभं केलं. "मोजा," म्हटलं. "मोजून झाले की मग म्हणा रिकामी." अण्णा बराच वेळ वाकून बघत राहिले. जाताना भिंग पुसून जागेवर ठेवलं.

तेराव्याच्या सुमारास शोरूमचे शेठ आले. पांढरे कपडे, हात जोडलेले. श्रीनिवासच्या शेजारी बसून म्हणाले, "मॅडमशी आमचे मतभेद होते, पण बाई मोठी. माझ्या मनात एक आहे. ही टाकी आमच्या शोरूममध्ये ठेवू. भिंत तशी मोकळीच आहे. खाली पितळी पाटी लावू त्यांच्या नावाची. गावाला दिसेल."

मला त्यांना तिथूनच उठवून लावावंसं वाटलं. पण घर माझं नव्हतं, टाकी माझी नव्हती. मी श्रीनिवासकडे बघितलं. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. त्यांची गादी टाकीला लागूनच अंथरलेली होती, हे मला तेव्हा दिसलं. पंप रोजच्यासारखा घरघरत होता.

"एक विचारू?" श्रीनिवास म्हणाले. "रात्री दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच बंद करता?"

"करावाच लागतो," शेठ म्हणाले. "शॉर्टसर्किटची भीती. पेठेत सगळेच करतात."

"तेव्हाही करत होता?"

"कायमच करतो. का?"

म्हणजे रोज सकाळी ते मासे पाण्याच्या वर तोंड का वासत होते, ते आज कळलं. मॅडम विचारून विचारून गेल्या.

"मग नाही," श्रीनिवास म्हणाले.

"अहो, पण पाटी..."

"पाटी तुम्हाला हवी तिथं लावा. टाकी इथंच राहील. चालू आहे ती."

शेठ गेले. श्रीनिवासनी चहा केला. मी त्यांना माफ केलंय का, असं लोक मला विचारतात. नाही केलं. मॅडमनी केलं असेल तर तो त्यांचा प्रश्न. पण त्यांनी कप पुढं केला तो मी घेतला. मग ते कपाटातून तपासणीची पेटी घेऊन आले.

"आजची तपासणी राहिलीय," ते म्हणाले. "मला दाखवाल?"

"आधी नळीत पाणी घ्या. खुणेपर्यंत. मग थेंब. घाई करू नका."

त्यांनी नळी उजेडात धरली. थेंब दोनदा नळीबाहेर पडले. मी मुद्दाम मदत केली नाही.